बोअर कुठे घ्यायचा, हे आकाशातून कसं कळतं?

बांध एकच. अलीकडच्या शेतात अडीचशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली. पलीकडे ऐंशी फुटांवर दोन इंची पाणी लागलं. पाऊस दोन्हीकडे सारखा, माती सारखी, बोअरची गाडीही तीच. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत असा एखादा किस्सा ऐकायला मिळतो आणि तो 'ज्याचं त्याचं नशीब' या शब्दांवर संपतो. कोरड्या बोअरसाठी काढलेलं कर्ज मात्र पुढची काही वर्षं फेडावं लागतं.

जमिनीखालचं पाणी थेट कुणालाच दिसत नाही. पाणाड्याला नाही, भूवैज्ञानिकाला नाही आणि सातशे ते नऊशे किलोमीटर उंचीवरून चित्रं टिपणाऱ्या उपग्रहालाही नाही. तरीही त्या चित्रांवरून तालुक्यात पाणी कुठे लागण्याची शक्यता जास्त आणि कुठे कमी, याचा नकाशा काढता येतो. तो कसा निघतो हे समजून घ्यायचं, तर आधी विहिरीत डोकावायला हवं.

विहिरीच्या भिंतीवर लिहिलेलं

एप्रिलच्या शेवटी, पाणी तळाला गेलेलं असताना, पठारावरच्या एखाद्या न बांधलेल्या विहिरीच्या काठावर उभं राहावं. वरती हात-दोन हात काळी माती दिसते. तिच्याखाली पिवळसर, कुदळीने सहज फुटणारा मुरूम. त्याच्या खाली भेगाळलेला खडक आणि मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मुरूम संपून पाषाण सुरू होतो तिथे भिंतीवर एक ओला, शेवाळलेला पट्टा असतो आणि त्यातल्या एखाद्या भेगेतून बारीक धार गळत असते. गावकरी तिला झरा म्हणतात. त्या विहिरीचं सगळं पाणी अशा दोन-चार भेगांतूनच येतं.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग या काळ्या खडकाने, म्हणजे बसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस एकामागून एक पसरत गेला आणि थंड होऊन त्याचे थर साचले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, पोटात पाणी न ठेवणारा. माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकल्यामुळे तो सच्छिद्र झाला आणि पुढे त्या छिद्रांत पांढरी, हिरवट खनिजं भरली. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मधे कधी लालभडक, चिकण मातीचा पट्टा सापडतो. तो पाणी सहसा अडवून धरतो.

म्हणजे पाणी राहतं ते झिजलेल्या मुरमात, मांजऱ्यात, पाषाणाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. शासकीय भूजल मोजणीत झिजलेल्या किंवा भेगाळ बसाल्टचा विशिष्ट उतारा साधारण २ टक्के धरतात. विशिष्ट उतारा याचा अर्थ, शंभर घनमीटर भिजलेला खडक आपल्या ताब्यातलं किती पाणी मोकळं सोडतो. वाळूच्या गाळासाठी हाच आकडा १६ टक्क्यांच्या आसपास असतो. गंगेच्या मैदानात कुठेही पाइप उतरवला तरी पाणी लागतं आणि मराठवाड्यात बांध ओलांडला की नशीब बदलतं, याचं कारण या दोन आकड्यांत आहे. बसाल्टमध्ये भेग नेमकी सापडावी लागते. आणखी खोल गेलं म्हणजे पाणी लागेलच, हा समजही याच खडकात महाग पडतो, कारण खोलीबरोबर भेगा सहसा कमी आणि आवळलेल्या होत जातात.

आकाशातून दिसणाऱ्या खुणा

जमिनीवरच्या खुणांवरून खालचं पाणी ओळखायची धडपड जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचं प्रकरण याच विषयाला दिलं. कोणतं झाड, शेजारी वारूळ आहे का, माती-खडक कसा, यावरून पाणी कोणत्या दिशेला आणि किती खोल असेल याचे ठोकताळे त्यात आहेत. ते सगळे आजच्या कसोटीला उतरत नाहीत. पण खुणा अनेक असतात आणि त्या एकत्र वाचाव्या लागतात, ही त्यामागची समज पक्की होती.

१९७२ हे महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळाचं वर्ष आहे. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह आकाशात गेला. भारताचा स्वतःचा आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी झेपावला. पुढे राजीव गांधी राष्ट्रीय पेयजल मिशनसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने राज्याराज्यांतल्या संस्थांना सोबत घेऊन देशभराचे भूजल शक्यतेचे नकाशे केले. त्यांचं प्रमाण होतं १:५०,०००, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर.

उपग्रहाचे संवेदक डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर अवरक्त किरणही टिपतात. हिरवं, जिवंत पान अवरक्त किरण जोरात परत फेकतं. छायाचित्रात या किरणांना लाल रंग देण्याची रीत आहे. त्यामुळे उसाचा फड हिरवा न दिसता लालबुंद दिसतो. भूवैज्ञानिक पावसाळ्यातलं चित्र बाजूला ठेवून एप्रिल-मेमधलं मागतो ते यासाठीच. खरीप निघून गेलेलं असतं, रब्बी उरकलेली असते, कालव्याचं पाणी नसलेला भाग करडा-तपकिरी पडलेला असतो. अशा वेळी ओढ्याच्या कडेने लाल फीत दिसली, तर तिथल्या मुळांना कुठून तरी पाणी मिळतंय हे उघड असतं.

त्याहून मोलाची खूण म्हणजे सरळ रेषा. निसर्गात ओढे वळणं घेत जातात. एखादा ओढा दोन किलोमीटर पट्टी धरून आखल्यासारखा सरळ धावतो, मग काटकोनात वळतो, आणि त्याच्या सुरुवातीच्या दिशेत पुढे कोरड्या माळावर झाडांची एक लाल ओळ दिसते, तेव्हा जमिनीखाली लांबलचक भेग असण्याची शक्यता बळावते. पाणी कमकुवत जागा शोधत वाहतं, झाडंही ओल शोधत उगवतात. दोन भेगा एकमेकींना छेदतात ती जागा तर बोअरसाठी फारच आशादायक मानली जाते.

प्रत्येक सरळ रेषा मात्र भेग नसते. कुंपण, गाडीवाट, जुना पाट, विजेच्या तारांखालची मोकळी पट्टीही आकाशातून सरळच दिसते, म्हणून रेषा आखणाऱ्याला रानात जाऊन पाय झिजवावे लागतात. धुळे-नंदुरबार भागात अजून एक गंमत आहे. तिथे जुन्या भेगांतून वर चढलेला लाव्हा जागच्या जागी गोठून उभ्या भिंती तयार झाल्या आहेत. त्यांना डाइक म्हणतात. कित्येक किलोमीटर पसरलेल्या या अरुंद टेकड्या उपग्रहचित्रात ठळक उठून दिसतात. डाइक घट्ट असेल, तर तो जमिनीखालचं वाहतं पाणी बांधासारखं अडवतो आणि वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी राहतं. तोच भेगाळलेला असेल, तर पाणी त्याच्यातूनच वाट काढतं.

उंचसखलपणाची माहिती वेगळ्या उपग्रहांकडून आणि यानांकडून येते. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारच्या मदतीने पृथ्वीवरच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. २००५ पासून भारताच्या कार्टोसॅट-१ ने दोन कोनांतून चित्रं घेऊन हे काम अधिक बारकाईने केलं. या उंचीवरून संगणक प्रत्येक ठिकाणचा उतार काढतो आणि ओढ्यांचं जाळं आखतो. उतार तीव्र असेल, तर पाणी मुरायच्या आत निघून जातं. ओढ्यांचं जाळं दाट असेल, तर त्याचा अर्थ साधारणपणे असा, की जमीन पाणी पीत नाही, वाहू देते.

चौकट: पाणी 'जाणवणारा' उपग्रह आहे का?

एका अर्थी आहे. मार्च २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस मोहिमेत दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून एकामागे एक फिरत होते. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा उपग्रह किंचित आधी ओढला जाई आणि दोघांमधलं अंतर बदले. हा सूक्ष्म बदल मोजून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात महिन्यामहिन्याला होणारा फरक कळला आणि त्यावरून जमिनीखालचं पाणी किती घटलं-वाढलं याचा अंदाज बांधता आला. २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्याने सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल गमावलं, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून याच पद्धतीने पुढे आलं. पण ग्रेसला शेकडो किलोमीटरचा प्रदेश एकत्रच दिसे. गावाची विहीर त्याच्या आवाक्यात नव्हती. त्यासाठी खुणांचेच नकाशे लागतात.

बैलबाजारातला हिशेब

खुणा हाती आल्या, आता त्यांची बेरीज कशी करायची? बैलबाजारात खिल्लार जोडी पारखणाऱ्या जाणत्या शेतकऱ्याला बैलाची ताकद थेट दिसत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, खांदा दाबून बघतो, चार पावलं चालवतो, शिंगांची ठेवणही न्याहाळतो. सगळ्या गोष्टींना तो सारखं महत्त्व देत नाही. शिंगं देखणी नसली तर चालेल, खूर बिघडलेला चालणार नाही, असं त्याच्या डोक्यात पक्कं असतं.

भूजलाच्या नकाशात हेच डोक्यातलं गणित कागदावर मांडतात. भूरूप (म्हणजे डोंगरकडा, पठार, दरीतळाचा भराव यांपैकी काय), खडक, भेगांच्या रेषा, उतार, ओढ्यांची दाटी, माती, जमिनीचा वापर, पाऊस, असा प्रत्येक विषयाचा एकेक थर तयार होतो. थर संगणकात चौकोनांच्या जाळीत मोडतात. तीस मीटर बाजूचा एक चौकोन म्हणजे जवळपास नऊ गुंठे जमीन. मग विषयांना महत्त्वाप्रमाणे वजन आणि प्रत्येक चौकोनाला त्या विषयात गुण.

समजा, फक्त तीनच थर आहेत आणि वजनं दिली भूरूपाला ४०, भेगांना ३५ आणि उताराला २५. दरीतळातल्या एका चौकोनाला पाचपैकी अनुक्रमे ५, ४ आणि ५ गुण मिळाले, तर त्याची बेरीज ४६५. तीच भेग पुढे डोंगरकड्यावर गेली, तिथल्या चौकोनाला मिळाले १, ४ आणि १, बेरीज २०५. भेग दोन्हीकडे आहे, पण कड्यावर पाणी थांबायला जागाच नाही, हे आकड्यांत उतरलं. तालुक्यातल्या लाखो चौकोनांसाठी हा हिशेब संगणक चुटकीसरशी करतो आणि बेरजेनुसार 'उत्तम' ते 'अत्यल्प' असे रंग भरतो.

कळीचा प्रश्न वजनांचा. ती कुणाच्या मर्जीवर सोडू नयेत, म्हणून थॉमस साटी या गणितज्ञाने १९७०च्या दशकात विकसित केलेली पद्धत सर्रास वापरतात. तिच्यात एकावेळी दोनच गोष्टींची तुलना करतात: भूरूप मोठं की उतार, आणि १ ते ९ च्या पट्टीवर कितीने मोठं? सगळ्या जोड्यांची उत्तरं मिळाली की त्यांतून वजनं निघतात. एक तपासणीही होते. दात खुरापेक्षा महत्त्वाचे, खूर शिंगांपेक्षा महत्त्वाचे असं म्हणणाऱ्याने पुढे शिंगं दातांपेक्षा महत्त्वाची म्हटलं, तर त्याच्या बोलण्यात मेळ नाही. ही विसंगती किती, याचं गुणोत्तर काढतात, ते ०.१० च्या आत नसेल, तर तुलना पुन्हा करायची.

वजनं प्रदेशाप्रमाणे बदलतात, आणि एका ठिकाणची यादी उचलून दुसरीकडे चिकटवणं ही या कामातली सर्वांत घातक सवय आहे. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो. तीव्र उतारावरून पाणी समुद्राकडे धावतं आणि सच्छिद्र जांभ्यात मुरलेलंही डोंगराच्या कुशीतून लवकर पाझरून जातं. तिथे पावसाला भरमसाट वजन दिलं, तर नकाशा देखणा होईल आणि खोटा ठरेल.

अलीकडे ज्ञात विहिरींची माहिती संगणकाला शिकवून वजनं त्यालाच शोधायला लावतात. विहिरींच्या नोंदी भरपूर आणि खऱ्या असतील तिथे ही पद्धत चांगली चालते; नोंदी तुटपुंज्या असतील, तर संगणकही तेवढंच तुटपुंजं शिकतो.

नकाशा खरा की खोटा

रंग भरून झाले म्हणजे काम संपलं असं मानणारे अहवाल बरेच असतात. खरं तर तिथून परीक्षा सुरू होते. काही विहिरींची माहिती मुद्दाम बाजूला ठेवलेली असते. नकाशा करताना ती वापरत नाहीत. नकाशा झाल्यावर त्या विहिरी त्यावर टाकून पाहतात: बारमाही विहिरी 'उत्तम' रंगात पडल्या का? कोरडे बोअर 'अत्यल्प'मध्ये गेले का? इथे राज्याच्या निरीक्षण विहिरींचं जाळं कामी येतं. भूजल यंत्रणा अशा साडेतीन हजारांहून अधिक विहिरींमधली पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजत आली आहे. आकाशातली यंत्रणा कितीही महाग असो, तिच्या नकाशाची खात्री काठावर वाकून टेप सोडणारा माणूसच देतो.

या परीक्षेतही दोन गोष्टी निसटू शकतात, आणि दोन्हींची उदाहरणं तापी-पूर्णेच्या खोऱ्यात शेजारी-शेजारी आहेत.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदी जाते. तिच्या दोन्ही बाजूंना सपाट, खोल गाळाची जमीन आहे. उतार नाही, गाळ जाड. गुणांची बेरीज केली तर हा पट्टा वरच्या वर्गात जाईल. प्रत्यक्षात हा खारपाणपट्टा. पाणी आहे, पण खारट. पिण्याला नको आणि पिकालाही नको. साध्या उपग्रहचित्रातल्या खुणा जमिनीखालच्या पाण्याची चव सांगत नाहीत. तिथल्या नकाशाला पाण्याच्या नमुन्यांचा एक थर जोडल्याशिवाय तो वापरणं म्हणजे कुटुंबाच्या पैशांशी खेळणं आहे.

तिथून पश्चिमेला, जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगरातून उतरलेल्या नाल्यांनी दगडगोटे आणि जाडीभरडी वाळू टाकून एक पट्टा तयार केला आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. पावसाळ्यात डोंगरातून खळाळत आलेला नाला इथे पोचला की त्याचं पाणी झपाट्याने गोट्यांत मुरतं. उपग्रहचित्रातही वरच्या नाल्यांच्या ठळक रेषा इथे येऊन पुसट होताना दिसतात. शक्यतेच्या नकाशावर हा पट्टा राज्यातल्या सर्वोत्तम जागांपैकी एक ठरावा, आणि रावेर-यावलची केळी त्याची साक्ष देते. पण याच तालुक्यांत उपसा भरपाईच्या पुढे गेला आणि पातळी खोल खोल उतरली. नकाशाने जागा ओळखण्यात चूक केलेली नाही. जमिनीची ताकद त्याने बरोबर सांगितली. ती किती वापरून झाली, हे सांगणारा थर त्यात नव्हता. तापी खोऱ्यासाठी महापुनर्भरण योजनेचा विचार पुढे आला तो याच पट्ट्याच्या जोरावर: पाणी एवढ्या सहज पिणारी जमीन आहे, तर पुराचं पाणी तिच्यावर पसरवावं.

नकाशा हाती आल्यावर

१:५०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची पेन्सिलरेघ जमिनीवर पंचवीस मीटर रुंद होते. बोअरचं भोक सहा-साडेसहा इंचांचं. त्यामुळे मोबाइलवर नकाशा उघडून हिरव्या ठिपक्यावर गाडी उभी करायची, हा त्याचा उपयोग नव्हे. तो शंभर एकरांतून पाच-सात एकरांपर्यंत आणून सोडतो. पुढचं काम जमिनीवरचं.

तिथे विद्युतरोध मापन करतात. एका रेषेत चार लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींमधला विद्युतदाब मोजायचा. बाहेरच्या सळया दूर नेत गेलं, की वीज अधिकाधिक खोलीतून फिरून येते. कोरडा काळा पाषाण विजेला जोरदार विरोध करतो, पाण्याने भरलेला मुरूम किंवा मांजऱ्या कमी. चिकण मातीचा विरोधही कमीच असतो, म्हणून नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवणारा फसतो. शेजारच्या विहिरीची भिंत पाहून आकड्याचा अर्थ लावावा लागतो. पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहतो की नाही, यापेक्षा त्या भिंतीवरचा ओला पट्टा कितीतरी विश्वासाचा. पाणाड्याची जागा बरोबर निघते तेव्हाही बऱ्याचदा त्याने वर्षानुवर्षं पाहिलेल्या विहिरी त्याला मदत करत असतात.

या नकाशाचा सर्वांत मोठा फायदा मात्र बोअर घेण्यात नाही. 'अत्यल्प' रंगावर बोअर न घेण्यात आहे. डोंगरकड्यालगतच्या घट्ट पाषाणात घेतलेल्या दहा बोअरांपैकी काही जरी त्याने थांबवले, तर तेवढ्या घरांचं कर्ज वाचलं. शिवाय खोल बोअर खालून शेजारच्या उथळ विहिरींचं पाणी ओढतात, म्हणून महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातलेले आहेत.

दुसरा फायदा प्रश्न उलटा केल्यावर मिळतो. पाणी कुठे सापडेल, याऐवजी पाणी कुठे मुरेल, असं तेच थर वापरून विचारता येतं. उत्तर एकच येत नाही. दरीतळाच्या भरावात पाणी सापडतं, पण ते मुरलेलं असतं वरच्या अंगाला, मुरूम उघडा पडलेल्या हलक्या रानात. पाझर तलाव काळ्या चिकण मातीवर बांधला, तर पाणी उन्हाने आटतं. तोच पाव किलोमीटर वर, भेगाळ खडकावर असता, तर खालच्या विहिरी भरल्या असत्या. राज्यात बंधारे आणि तलाव थोडेथोडके झालेले नाहीत. त्यांच्या जागा ठरवताना सोयीची जमीन आणि कंत्राटाची घाई यांच्याऐवजी असा नकाशा समोर असायला हवा होता, आणि यापुढे तरी तो असायला हवा.

यात गावाचा वाटा मोठा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या निवडक गावांनी आपल्या विहिरींची पातळी आणि पाऊस स्वतः नोंदवून पाण्याचा ताळेबंद मांडावा, अशी आखणी होती. ग्रामपंचायतीच्या वहीत उतरणारी ही माहिती नकाशासाठी सोन्याच्या मोलाची आहे: कोणत्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहतं, कोणता बोअर किती फुटांवर कोरडा गेला, मुरूम कुठे संपला. एका शिवारातले असे चाळीस-पन्नास खरे आकडे जोडले, की भेगांना ३५ ऐवजी ४५ वजन द्यायला हवं होतं किंवा माळावरची ती सरळ रेषा भेग नसून जुनी गाडीवाट होती, हे कळतं आणि त्या शिवाराचा पुढचा नकाशा दुरुस्त होऊन निघतो.